आधी घरचं कपाट उघडा!

सध्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी जण ‘डिजिकॅम’च्या शोधात आहे. इन्स्टावर तो फोटो दिसतो ना, चेहऱ्यावर लख्ख फ्लॅश, मागे काळोख, डोळे थोडे लाल, तसाच आपल्यालाही हवा असतो. मग शोधाशोध सुरू होते आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यासाठी लोक दहा-पंधरा हजार मोजायला तयार होतात. माझं म्हणणं सरळ आहे. पॉइंट अँड शूट कॅमेरा जरूर घ्या, मजा येते. पण त्यासाठी एवढे पैसे घालायची आपल्यापैकी बहुतेकांना गरज नाही. आणि बॉक्सवर छापलेल्या मेगापिक्सेलच्या आकड्याला तर अजिबात भुलू नका.

त्या आकड्याचा हिशोब एकदा करूनच बघा. ४ बाय ६ इंचाची चांगली प्रिंट काढायची तर इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे १२०० गुणिले १८००, साधारण २१ लाख ६० हजार ठिपके. झाले जेमतेम २.२ मेगापिक्सेल! इन्स्टाच्या नेहमीच्या पोस्टला तर १०८० पिक्सेल रुंदी पुरते. मग ७ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा कमी कसा पडेल?

उलट ज्यांच्यावर ‘४८ मेगापिक्सेल’, ‘६४ मेगापिक्सेल’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं, त्या दोन-चार हजारांच्या नव्याकोऱ्या गुलाबी-पांढऱ्या कॅमेऱ्यांपासून सांभाळून राहा. यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर अगदी साधा असतो. मधले ठिपके सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने भरतं आणि आकडा फुगवतं. लेन्स जागची हलत नाही, फोकस ठरलेला, आणि ‘१६ एक्स झूम’ म्हणजे निव्वळ फोटो कापून मोठा करणं. तेवढं तर आपण फोनवर दोन बोटांनी करतोच की! आमच्या ग्रुपमधल्या एकीने ट्युशन घेऊन साठवलेल्या पैशांतून असाच एक मागवला. गॅदरिंगला स्टेजचे फोटो काढले तर नाचणारे सगळे भुतासारखे धूसर. फ्लॅश म्हणून जे होतं तो साधा एलईडीचा दिवा निघाला. ‘रिटर्न’ची मुदतही तोवर संपली होती.

खरा कॅमेरा ओळखायची एक सोपी खूण आहे. लेन्सभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरांत मिलिमीटरचे दोन आकडे असतात. समजा, ५.८-१७.४ लिहिलंय. मोठ्याला छोट्याने भागा, उत्तर ३. म्हणजे तीनपट ऑप्टिकल झूम, लेन्स खरोखर पुढे-मागे होणारी. आकडा एकच असेल तर लेन्सला झूम नाही, विक्रेता काहीही सांगो.

आता घरात हमखास येणारा प्रश्न, ‘अगं, फोन आहे ना हातात, मग हे कशाला?’ प्रश्न रास्त आहे. आईला उलट उत्तर देण्याआधी मान्य करा की कमी उजेडात तुमचा फोन जुन्या डिजिकॅमपेक्षा चांगला फोटो काढतो. स्वस्त कॉम्पॅक्टमधला नेहमीचा सेन्सर असतो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, आणि आजच्या बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातला त्याहून मोठा. वर फोनचं सॉफ्टवेअर चार-पाच फोटो एकत्र करून सावल्या उजळवतं. जुना कॅमेरा असलं काही करत नाही. तो एकच फोटो घेतो, झेनॉन फ्लॅशचा दणका देतो आणि मोकळा होतो. आपल्याला आवडणारा ‘तो लुक’ मुख्यतः या फ्लॅशमुळे येतो. ‘सीसीडी सेन्सर आहे, रंगांची जादू आहे’ असं म्हणत किंमत दुप्पट सांगणाऱ्याला हसून पुढचं दुकान गाठा.

बरं, फोटोग्राफी शिकायची असेल तर? मास मीडियाची मुलं पहिल्याच वर्षी घरी डीएसएलआरचा हट्ट धरतात. मला विचाराल तर थांबा. कॅननच्या जुन्या पॉवरशॉट ए मालिकेतल्या काही मॉडेलना ‘एम’ मोड आहे. शटर, अ‍ॅपर्चर हाताने बदलता येतं. एक्स्पोजर समजायला तेवढं भरपूर झालं.

मग घ्यायचा कुठून? आधी घरचं कपाट उघडा. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, त्यातले बहुतेक कॉम्पॅक्ट. २०२३ मध्ये कॉम्पॅक्ट उरले सुमारे १७ लाख. ते जुने कोट्यवधी कॅमेरे गेले कुठे? लोकांच्या ड्रॉवरमध्ये! कुणाच्या तरी लग्नासाठी, बारशासाठी घेतलेला एखादा मामाकडे, आत्याकडे नक्की पडलेला असतो. विचारायला पैसे पडत नाहीत. बॅटरी मेली असेल तर फक्त ती बदला.

नाहीच मिळाला तर मुंबईत फोर्टातला बोरा बाजार आहे, पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार आहे. जाताना खिशात दोन गोष्टी ठेवा. एक, २ जीबीचं एसडी कार्ड. साधारण २००६च्या आधीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना त्याहून मोठं कार्ड वाचताच येत नाही. जुने ऑलिम्पस, फुजी एक्सडी कार्ड मागतात आणि जुने सोनी मेमरी स्टिक. ही कार्डं आता शोधत फिरावं लागतं, म्हणून एसडीवालाच बरा. दुसरी गोष्ट म्हणजे चांगले रिचार्जेबल पेन्सिल सेल. सेलवर चालणारा कॅमेरा दिसायला जाडजूड, पण त्याची खास बॅटरी शोधायची कटकट नाही. टपरीवरचे साधे सेल मात्र थोड्याच फोटोंत मान टाकतात.

दुकानात लाजू नका. कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स बाहेर येताना करकर वाजली की परत द्या, आत वाळू नाहीतर झिजलेलं गिअर असतं. पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या, तोच झूम करूनही घ्या. जाळीसारखे डाग दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईत, ती लागतेच. सेलच्या झाकणाची कडी तुटली नाही ना, तेही बघा. चिकटपट्टी लावून चालवायचा कॅमेरा फार दिवस टिकत नाही. तारीख पुसली जात असेल तर मात्र घाबरू नका, आतला छोटा सेल संपलेला असतो, फोटो व्यवस्थित येतात. आणि चार्जर लागणारं मॉडेल असेल तर तो सोबत मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरचा कॅमेरा सापडला तर उत्साहात एक गोष्ट करू नका. चालू केल्यावर स्क्रीनवर ‘कार्ड फुल’ आलं की हात थेट फॉरमॅटकडे जातो. थांबा. आमच्या शेजारच्या दादाला माळ्यावर असाच कॅमेरा मिळाला. कार्डात २००९ चा गणपती होता, आणि आरतीत टाळ वाजवणारी त्याची आजी. ती गेल्यावर घरात तिचा फक्त पासपोर्ट साइज फोटो उरला होता. तेव्हा कार्ड रीडर आणा, नाहीतर मित्राचा मागून घ्या, आतलं सगळं लॅपटॉपवर आणि शिवाय एका पेनड्राइव्हवर कॉपी करा. मग करा फॉरमॅट.