मैदानावरची पाळकीय सेवा

१७ मार्च २०१२ रोजी लंडनमध्ये एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा सामना चालू असताना बोल्टन वाँडरर्स क्लबचा खेळाडू फॅब्रिस मुआम्बा मैदानावर कोसळला. त्याचे हृदय ७८ मिनिटे बंद होते. तो वाचला. त्या कठीण दिवसांत क्लबचे चॅप्लेन, म्हणजे खेळाडूंची पाळकीय सेवा करणारे, फिल मेसन यांचा त्याच्या कुटुंबाला आधार होता. असा आधार आयत्या वेळी उभा राहत नाही. त्यासाठी माणसे घडवावी लागतात. हा अंक त्या घडणीविषयी आहे.

इंग्लंडमध्ये जॉन बॉयर्स यांनी १९७७ साली वॉटफर्ड फुटबॉल क्लबमध्ये ही चॅप्लेनची सेवा आरंभली आणि १९९१ मध्ये तिला संस्थेचे रूप दिले. बायबलचे ज्ञान इथे एकटे पुरत नाही. दुखापतीने खचलेल्याचे ऐकून घेणे, गुप्तता पाळणे, संघनिवडीपासून दूर राहणे, अल्पवयीन खेळाडूंची सुरक्षितता जपणे, हे सारे शिकावे लागते. खेळाडूने विचारल्याशिवाय श्रद्धेचा विषय काढू नये, हा धडा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो.

आपल्याकडेही कोवळी मुले घर सोडून क्रीडा वसतिगृहांत राहतात. त्यांच्या मनाची काळजी कोणी आणि कशी घ्यावी? खेळाडू, पालक, प्रशिक्षक, पाळक, सर्वांनी आपले अनुभव आम्हांला जरूर कळवावेत.