घरात जुळवलेले पिस्तूल ही 'घरातली गोष्ट' नव्हे

'ही आमची घरातली गोष्ट आहे, तुम्ही मध्ये पडू नका.' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीने ऐकलेले आहे. कधी दारात उभ्या राहिलेल्या नवऱ्याकडून, कधी सासूकडून, कधी चौकीतल्या हवालदाराकडून. ते खोडून काढण्यात स्त्री-चळवळीची कित्येक वर्षे गेली. १९८३ साली ४९८-अ कलम आले, २००५ साली कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आला. दोन्हींमागे एकच भूमिका होती: मारहाण चार भिंतींच्या आत झाली म्हणून ती खाजगी होत नाही. अमेरिकेत घरच्या घरी पिस्तूल जुळवणाऱ्या हौशी मंडळींचा युक्तिवाद वाचताना हेच वाक्य मला वेगळ्या वेषात भेटले. म्हणून हा लेख.

आधी हा छंद काय आहे ते पाहू. अमेरिकेत १९६८च्या कायद्यानुसार बंदुका बनवून विकणाऱ्याला परवाना लागतो आणि प्रत्येक बंदुकीवर क्रमांक कोरावा लागतो. पण स्वतःपुरते हत्यार घरी बनवणाऱ्याला देशपातळीवरच्या कायद्याने परवानाही लागत नाही आणि क्रमांकही लागत नाही. पूर्वी हे काम कसबी कारागिरापुरते होते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र जवळजवळ पूर्ण झालेला सांगाडा आणि बाकीचे सुटे भाग एका खोक्यात घालून घरपोच पाठवण्याचा धंदा वाढला. सांगाडा 'अपुरा' असल्यामुळे ती कायद्याच्या भाषेत बंदूक नव्हे, असे विक्रेते म्हणत. मग गॅरेजमध्ये बसून तो पुरा करायचा, भाग बसवायचे, गोळी अडकते का, चाप जड जातो का, ते पाहून पुन्हा खोलायचे. जुन्या मोटारसायकलीवर किंवा रेडिओवर माणसे जसे रविवार घालवतात, तसेच हेही.

या माणसांची थट्टा करावी किंवा त्यांना सरसकट गुन्हेगार ठरवावे असे मला वाटत नाही. हाताने काही घडवण्याचा आनंद खरा असतो. यातले बहुतेक जण कोणाच्या केसालाही धक्का लावणार नाहीत, हेही मी मानते. त्यांचे म्हणणे असे की, मी माझ्या घरात, माझ्या पैशाने, माझ्यासाठी काय बनवतो याच्याशी सरकारचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो त्या घरातल्या बाईमुळे आहे.

तिथल्या बायकांनी बंदुकीच्या प्रश्नावर फार चिवटपणे काम केले आहे. १९९४ साली कायदा झाला की ज्याच्याविरुद्ध पत्नीने वा जोडीदारणीने न्यायालयातून संरक्षण आदेश मिळवला आहे, त्याला बंदूक बाळगता येणार नाही. १९९६ साली, घरगुती मारहाणीच्या किरकोळ मानल्या गेलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यालाही ही बंदी लागू झाली. २०२४ मध्ये यातल्या पहिल्या बंदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. न्यायालयाने ती आठ विरुद्ध एक मतांनी कायम ठेवली.

आता प्रश्न असा की ही बंदी प्रत्यक्षात लागू होते कुठे? मुख्यतः दुकानाच्या काउंटरवर. १९९८ पासून परवानाधारक दुकानदाराला गिऱ्हाइकाचे नाव सरकारी यंत्रणेकडून तपासून घ्यावे लागते. नाव बंदीच्या यादीत असेल तर विक्री होत नाही. बाईने कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवलेला कागद तिथे त्या नवऱ्याच्या आड उभा राहतो. ही व्यवस्था भक्कम आहे असे नाही. अनेक राज्यांत दोन खाजगी व्यक्तींमधल्या विक्रीला ही तपासणी लागत नाही. तरीही एक दार तरी होते. सुट्या भागांच्या खोक्याने त्या दारालाच वळसा घातला. बंदी असलेल्या माणसाने घरी बनवलेले हत्यारही बेकायदाच ठरते. पण बनवताना त्याचे नाव कोणी विचारत नाही, आणि नंतर शोध घ्यावा तर हत्यारावर क्रमांक नसतो.

हे नुसते कल्पनेतले भय नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रँचो तेहामा या वस्तीत एकाने आधी पत्नीला मारले आणि दुसऱ्या दिवशी आणखी चार जणांना. न्यायालयाने त्याला शस्त्रे बाळगण्यास मनाई केलेली होती. त्याच्याकडच्या रायफली घरी जुळवलेल्या होत्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सॅक्रामेंटो शहरात एका बापाने चर्चमध्ये, देखरेखीखाली होणाऱ्या भेटीच्या वेळी, आपल्या तीन मुलींना आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीला गोळ्या घातल्या, मग स्वतःला संपवले. मुलींच्या आईने त्याच्याविरुद्ध संरक्षण आदेश मिळवला होता. हत्यार पुन्हा तेच, घरी जुळवलेली, क्रमांक नसलेली रायफल. त्या आईने कायद्याने सांगितलेले सारे काही केले होते, हे आपण विसरू नये. रायफल असो की पिस्तूल, पळवाट एकच.

अमेरिकेतल्या पोलिसांनी तपासासाठी केंद्र सरकारकडे पाठवलेली अशी हत्यारे २०१७ साली सुमारे १,६०० होती. २०२१ साली ती १९,०००च्या वर गेली. २०२२ मध्ये सरकारने नियम केला की सहज जुळवता येणारे खोके हीही बंदूकच मानावी: विक्रेत्याला परवाना, सांगाड्याला क्रमांक, गिऱ्हाइकाची तपासणी. हौशी मंडळी आणि विक्रेते त्याविरुद्ध न्यायालयात गेले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी नियम उचलून धरला. यात छंदावर बंदी कुठे आहे? खोके घ्या, जुळवा, खोला, पुन्हा जुळवा. फक्त आधी नाव सांगा आणि क्रमांक कोरलेला असू द्या. एवढीही अट ज्यांना जाचक वाटते, त्यांनी सांगावे की बाईच्या हातातल्या त्या आदेशाचे काय करायचे.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: मग बायकांनीही पिस्तूल घ्यावे, घरी बनवावे, संकटातल्या बाईला कागदपत्रांसाठी थांबायला वेळ कुठे असतो? हे उत्तर आपल्याकडेही पोचले आहे. दिल्लीच्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास स्त्रियांसाठी 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. किंमत सव्वा लाखाच्या आसपास. धुणीभांडी करणारी, रात्रपाळीहून परतणारी, नवऱ्याच्या पगारावर जगणारी बाई त्या हिशेबात कुठेच नव्हती. पण किमतीपेक्षा मोठा आक्षेप वेगळा आहे. २००३ साली अमेरिकेतल्या अकरा शहरांमधल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असली की बाई जिवे मारली जाण्याचा धोका सुमारे पाचपट होतो, असे त्यात दिसले. बाईला धोका बहुतेक वेळा अनोळखी माणसापासून नसतो, हे आपण सल्लाकेंद्रात रोज पाहतो. ती ज्याच्याबरोबर राहते त्यालाही कपाटाची किल्ली कुठे असते ते ठाऊक असते. घरात आलेले हत्यार घरातल्या सत्तेप्रमाणेच वापरले जाते.

'आपल्याकडे असले काही नाही' असे म्हणून मोकळे होता येणार नाही. आपल्या लेकी-बहिणी तिकडे संसार करतात. न्यू जर्सीत दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी 'मानवी' ही संस्था १९८५ सालीच उभी राहिली, ती काही हौस म्हणून नव्हे. आणि आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याने विनापरवाना हत्यार बनवणे हा गुन्हा आहे, २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, तरी गावठी कट्टे बनतात आणि विकले जातात. परवान्याची हत्यारे तर प्रतिष्ठेची खूण म्हणून कमरेला दिसतात. जुलै २०२३ मध्ये पुण्यात एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने पत्नीला आणि पुतण्याला पिस्तुलाने मारून स्वतःला संपवले. बंदूक कायदेशीर हातात आहे म्हणून घर सुरक्षित आहे, असे त्यानंतर तरी कोणी म्हणू नये.

तेव्हा आपल्या संघटनांनी तीन गोष्टी कराव्यात असे मी सुचवते. पहिली, तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला विचारावे: घरात हत्यार आहे का? परवान्याचे की बिनपरवान्याचे? त्याने ते कधी दाखवून धमकावले आहे का? उत्तर तिच्या अर्जात लिहावे. दुसरी, परवान्याचे हत्यार असेल तर शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करावा, असा अर्ज पोलीस आयुक्तांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे त्याच दिवशी द्यावा आणि पोच घ्यावी. तिसरी, संरक्षण आदेश मागताना हत्यार जमा करण्याची मागणी वेगळी आणि स्पष्ट शब्दांत करावी. बाईच्या सुरक्षेचा आदेश आणि शस्त्रांची नोंदवही या दोन कागदांची गाठ पडत नाही, तोवर दोन्ही अपुरेच राहणार.