गट कुणाचा?

पाच-पाच जणांचे गट करा, असं बोलून मास्तर मोकळा झाला. मिनिटभरात गट झाले. आडनावं हुंगून झाले. उरली माझी बहीण. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. तिला मग एका गटात ढकललं. सर्व्हेला उन्हातान्हात हीच फिरली, रात्र जागून लिहिलंही हिनंच. वर्गासमोर बोलायला उभा राहिला भलताच. हिचं नाव शेवटी. तेही चुकीचं.

आता म्हणे नव्या पोरांना गटकाम शिकवायचंय. वेळापत्रक आखा, मतभेद गोडीनं मिटवा! मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत पाठ मोडतो. टोळीत आधी ठरतं, बोजा कुणाच्या खांद्यावर आणि पाळी कुणाची. ते ठरल्याशिवाय कोण हात लावत नाही.

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या, पोरं एका शाळेत आणली. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात स्वतः चहा प्यायले, बरोबरच्या मंडळींनाही पाजला. नुसता हुकूम काढून थांबले नाहीत, कप हातात दिला. आणि हे प्राध्यापक साधे गट पाडायचं कामही पोरांवर टाकतात!

दोस्तांनो, मागणी करा. गट मास्तरनं पाडावेत, चिठ्ठ्या टाकून. कुणी काय केलं ते सह्यांसकट लिहावं. बोलायची पाळी प्रत्येकाला. नाही मिळाली तर सही करू नका. दुसऱ्या खेपेला माझ्या बहिणीनं नाही केली. कागद तसाच टेबलावर पडून आहे.