चाल आजीच्या तोंडून शिकावी



गोडादऱ्यात आपल्यापैकी बरीच कुटुंबे खानदेशातून कामधंद्यासाठी आली. सामान थोडे होते, पण पवित्र शास्त्र आणि गीतांचे पुस्तक सोबत होते. मागच्या घरप्रार्थनेत एका आजींनी टिळकांचे जुने भजन सुरू केले. मोठ्यांनी पाठ साथ दिली. मुले मोबाईलवर शब्द शोधत राहिली. शब्द सापडले तोवर भजन संपले होते.

"मुले गुजराती शाळेत जातात, त्यांना मराठी वाचता येत नाही," असे आपण म्हणतो. मला हे कारण पटत नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची स्तुती अभंग-ओवीत बांधली. ओवी म्हणजे जात्यावरचे गाणे. अक्षर न ओळखणाऱ्या बायांनी ती पिढ्यान्‌पिढ्या कानाने शिकली आणि लेकीसुनांना दिली.

टिळकांच्या घरातच पाहा. १९१९ साली ते प्रभूकडे गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि मुलगा देवदत्त यांनी १९३८ साली प्रसिद्ध केले. बापाने सुरू केले, आईने वाढवले, मुलाने मंडळीच्या हाती दिले.

तीमथ्याचा विश्वासही आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, याची पौल त्याला आठवण करून देतो. घरात बसताना, वाटेने चालताना मुलांना शिकवा, असे अनुवादाचा सहावा अध्याय सांगतो. ही जबाबदारी आधी घराची आहे, मग संडेस्कूलची.

हिंदी गीतांना माझा विरोध नाही. तीही प्रभूचीच स्तुती. पण पुस्तकात फक्त शब्द राहतील. ठेका कसा धरायचा, कुठे थांबायचे, कोणत्या ओळीला आजोबांचे डोळे भरून येत, हे सारे आजीबरोबर जाईल.

म्हणून विनंती अशी: महिन्याला एकच भजन घ्या. संध्याकाळच्या प्रार्थनेत मोबाईल बाजूला ठेवा. आजीने ओळ म्हणावी, मुलांनी मागून म्हणावी, आईवडिलांनी अर्थ सांगावा. सूर चुकला तर चुकू द्या.

हे प्रभो, आमच्या वडीलधाऱ्यांच्या मुखी जी स्तुती तू दिलीस, ती आमच्या लेकरांच्या मुखीही राहू दे. आमेन.