पदवी, पदक आणि पोट

बुलढाण्याच्या प्रथमेश जावकर याने मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक तिरंदाजी स्पर्धेत, कंपाउंड प्रकारात, माइक श्लोसर या नामवंत डच धनुर्धरास १४९ विरुद्ध १४८ गुणांनी नमविले, तेव्हा तो अवघा १९ वर्षांचा होता. महाविद्यालयीन वयातच असे यश मिळू लागले, की खेळाडूच्या घरी एक प्रश्न हटकून उभा राहतो: आधी पदवी घ्यावी, की खेळ हाच व्यवसाय मानावा?

हा प्रश्न आता पोकळ राहिलेला नाही. कबड्डीची व्यावसायिक लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तिरंदाजीची २०२५ मध्ये दिल्लीत भरली. विद्यार्थ्यापुढे करार आला आणि त्याने वर्ग सोडला, की लोक त्याला लोभी किंवा अविचारी ठरवून मोकळे होतात. हा न्याय नव्हे.

प्रत्येक खेळाचे घड्याळ निराळे असते. कबड्डीपटूचा गुडघा एका पकडीत कायमचा दुखावू शकतो; त्याची उमेदीची वर्षे मोजकी. पदवी तिशीतही मिळते, विशीतली चपळाई तिशीत मिळत नाही. त्याने संधी साधली तर त्याला दोष कसा द्यावा? तिरंदाजाची गोष्ट वेगळी. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय कंपाउंड संघात २० वर्षांच्या जावकरबरोबर ३४ वर्षांचे अभिषेक वर्मा होते, आणि ते आयकर खात्यात नोकरीही करीत होते. ज्या खेळात चाळिशीपर्यंत नेम टिकतो, तेथे शिक्षण तोडण्याची घाई आम्हांस अनाठायी वाटते.

परंतु खरा सवाल महाविद्यालयांना आहे. जिंकलेला चषक प्राचार्यांच्या दालनात मांडायचा आणि खेळाडूची गैरहजेरी मात्र हजेरीपटावर लाल शाईने नोंदवायची, ही रीत खेळाडूला दाराबाहेर ढकलते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षण मध्येच थांबविण्याची, मिळविलेले श्रेयांक जपण्याची आणि पुन्हा परतण्याची मुभा मान्य केली आहे. बुलढाणा जिल्हा ज्या अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्याने ही मुभा खेळाडूच्या खरोखर पदरात पडेल, स्पर्धेमुळे हुकलेली परीक्षा पुढे देता येईल, हे पाहावे.

परतीचा रस्ता खुला असेल, तर लवकर घेतलेला निर्णय चुकला तरी आयुष्य चुकणार नाही. तो रस्ता बंद ठेवणाऱ्यांनी विशीतल्या पोराचा निवाडा करू नये.