धुराचे पुन्हा तेल होईल का?

परवा आमच्याकडे पणत्या लावण्याचा कार्यक्रम चालला होता. धाकट्या चिरंजीवांचे वय आठ वर्षांचे, पण प्रश्न ऐंशी वर्षांचे! पणतीतले तेल संपलेले पाहून ते म्हणाले, "बाबा, तेलाचा धूर झाला ना? मग धुराचे परत तेल करता येईल?" सौभाग्यवतींनी तेलाच्या डब्याकडे पाहून "तसे झाले तर फार बरे होईल हो!" असा शेरा मारला.

वाचकहो, हसू नका. हा उद्योग माणसाने खरोखरच आरंभला आहे.

तेल जळले की मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. हा वायू म्हणजे भरपेट जेवून लवंडलेला गृहस्थ. त्याला उठवायचे तर जोडीला हायड्रोजन हवा, सुमारे २५० अंश सेल्सियस उष्णता हवी, हवेच्या दाबाच्या पन्नास ते शंभरपट दाब हवा. शिवाय एक मध्यस्थ हवा. त्याला 'उत्प्रेरक' म्हणतात. तांबे, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना यांचे हे दाणे दोघांची सोयरीक जमवतात आणि आपण नामानिराळे राहून पुढच्या लग्नाला लागतात! ११ किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड किलो हायड्रोजन यांपासून ८ किलो मेथॅनॉल हे द्रव इंधन होते. उरते साडेचार किलो पाणी.

आइसलँडमध्ये स्वार्त्सेंगी येथे असा कारखाना निघाला. भूगर्भातल्या वाफेवर चालणाऱ्या वीजकेंद्रातून बाहेर पडणारा वायू त्याने वापरला. २०१५ साली विस्तार झाल्यावर त्याची क्षमता वर्षाला ४,००० टन झाली. १९९४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे जॉर्ज ओला यांचे नाव त्याला दिले होते.

मग घोडे अडते कोठे? हिशेबात! दीड किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला सुमारे ७५ युनिट वीज लागते आणि त्या ८ किलो मेथॅनॉलमधून उष्णता मिळते जेमतेम ४५ ते ५० युनिटांची. ती वीज कोळशाची असेल, तर धूर आवरण्यासाठी अधिक धूर केल्यासारखे होईल. शिवाय इंधन जळले की तो वायू पुन्हा हवेत जातोच. म्हणून वीज हवी वाऱ्याची, उन्हाची, पाण्याची. आणि तीवर थेट मोटार चालत असेल तर हा द्राविडी प्राणायाम कशाला? जहाजांची गोष्ट वेगळी. महासागर ओलांडण्याइतकी वीज साठवून नेणे कठीण. मेथॅनॉलवर चालू शकणारे कंटेनरवाहू जहाज २०२३ साली सेवेत आलेही.

मी चिरंजीवांना सांगितले, "होते रे बाळ, पण जाळून जे मिळाले, त्याहून जास्त परत द्यावे लागते."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग बाबा, तुमच्या खोलीत कोणी नसताना पंखा का चालू आहे?"

मी निमूटपणे उठलो आणि बटण बंद केले.