फुकटचा वकील

ज्या आरोपीला वकील करण्याची ऐपत नसते त्याला शासनाच्या खर्चाने वकील द्यावा लागतो, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण सर्वांनी कधी ना कधी वाचलेले असते. तो वकील कोण असतो, त्याच्या पदरात काय पडते आणि त्याचे घर कशावर चालते, हे मात्र पुस्तकात नसते. माझे वडील असे वकील होते. २०२३ साली ते गेले. त्यांच्यामागे राहिलेले कागद लावताना ज्या गोष्टी ध्यानात आल्या त्या केवळ आमच्या घरापुरत्या नाहीत, म्हणून येथे मांडीत आहे.

अण्णांची सनद १९७४ सालची. त्याच वर्षी नवी फौजदारी प्रक्रिया संहिता अमलात आली आणि सत्र न्यायालयातील निर्धन आरोपीला शासकीय खर्चाने वकील देण्याची तरतूद तिच्या ३०४ व्या कलमाने झाली. (१ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा नव्या कायद्याने घेतली आहे, तरतूद कायम आहे.) पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आले. १९७८ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या होसकोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, ज्या राज्याने माणसावर खटला भरला त्याच राज्याने त्याच्या बचावासाठी नेमलेल्या वकिलाला न्यायालय ठरवील ती वाजवी फी दिली पाहिजे. दुसऱ्याच वर्षी हुसेनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांची कहाणी देशापुढे आली. १९८७ चा विधी सेवा कायदा १९९५ च्या नोव्हेंबरात लागू झाला. त्याने तर कोठडीतील प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, या साहाय्याचा हक्क दिला. अमेरिकेतील लॉस एंजलिस परगण्याने बचावाच्या पगारी वकिलांचे कार्यालय १९१४ मध्ये उघडले होते हे खरे. पण तेथेही राज्याराज्यांतील गरीब आरोपींना हा हक्क निर्विवाद मिळाला तो १९६३ च्या गिडियन निकालाने. तेव्हा कायद्याच्या अक्षरापुरते पाहिले तर आपण फारसे मागे नव्हतो.

प्रश्न अक्षराचा नव्हताच. होसकोट निकालातील ‘वाजवी’ हा शब्द आमच्या जिल्ह्याच्या गावी पोचेपर्यंत त्याचे काय होई, ते अण्णांच्या लोखंडी कपाटातल्या एका फाइलीत दिसते. बिलांच्या कार्बन प्रती त्यांनी तारीखवार लावून ठेवल्या होत्या. रक्कम मिळाली की कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीने खूण करीत. पुष्कळ बिलांवर ती खूण नाही. जेथे आहे तेथेही बिलाची तारीख आणि खुणेची तारीख यांत दोन-दोन वर्षांचे अंतर आहे. जबाबांच्या नकला, झेरॉक्स, तुरुंगापर्यंतचे एस.टी.चे भाडे हे सारे त्याच रकमेतून भागवायचे.

मग घर कसे चालले? आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिचा पगार एक तारखेला येई. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर राज्याने जी जबाबदारी घटनेत लिहिली तिचा खर्च एक शिक्षिका आपल्या पगारातून भरून काढीत होती. कोणत्याही अंदाजपत्रकात ही रक्कम दिसत नाही. माझ्या वर्गात मी सरकारी खर्चाचे प्रकार शिकवितो, तेव्हा हा प्रकार कोठे बसवावा हे मला अजून उमगलेले नाही.

अण्णा सत्पुरुष होते असे सांगण्यासाठी हा लेख नाही. ते तापट होते, आणि रविवारी आम्हाला जत्रेला नेण्याचे कबूल करून तुरुंगात आरोपीला भेटायला जात. परतताना भेळेची पुडी आणीत. ती आम्ही रुसून खात असू. पण कामात ते अतिशय काटेकोर होते. आमच्या घरात जुनी पंचांगे रद्दीत जात नसत. मुहूर्ताशी अण्णांना कर्तव्य नव्हते. घटनेच्या रात्री तिथी कोणती होती आणि चंद्र कधी उगवला असेल, हे त्यांना पाहायचे असे. साक्षीदार म्हणे, चांदण्यात चेहरा ओळखला. अण्णा मला रात्री गच्चीवर उभे करीत, स्वतः खाली रस्त्यावर पावले मोजीत दूर जात आणि तेथून विचारीत, “माझ्या हातात काय आहे?” पुढे माझ्या मुलीबरोबरही हाच खेळ चाले. “आजोबा, छत्री!” ती ओरडे. ती छत्री नसे, काठी असे. आणि आजोबा खूश होऊन वहीत अंतर टिपून ठेवीत. आपण साक्षीपुराव्याच्या कायद्याला हातभार लावतो आहोत हे तिला पुष्कळ उशिरा कळले.

मी सोळा वर्षांचा असताना एका खुनाच्या खटल्यातील आरोपीला त्यांनी निर्दोष सोडविले. मयत माणूस आमच्याच पेठेतला. निकालानंतर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने आम्हाला उधार देणे बंद केले आणि शाळेत आईशी दोन बाई महिनाभर बोलल्या नाहीत. मी अण्णांना म्हणालो, “त्यानेच केले असेल तर?” ते म्हणाले, “ते ठरवायला न्यायाधीश आहेत. फिर्यादीने सिद्ध करायचे असते, ते केले नाही. मी एवढेच दाखविले.” त्या उत्तराने माझे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आजही पूर्णपणे होत नाही. पण त्या उत्तराविना न्यायालय चालू शकत नाही, हे आता कळते.

त्यांना खरा सल होता तो वेगळाच. ‘फुकटचा वकील’ म्हणून खुद्द पक्षकारांचाच त्यांच्यावर विश्वास बसत नसे. वकील सरकारने दिलेला, म्हणजे तो सरकारचाच माणूस, असा हिशेब. एका आरोपीच्या आईने गळ्यातले विकून दुसरा वकील केला. त्या वकिलाने उलटतपासणी दहा मिनिटांत आटोपली. त्या बाईला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण जिची किंमत पडत नाही आणि जिचा दर्जा आपल्याला पारखता येत नाही, अशा सेवेवर विसंबायला कोण धजावेल? त्यातून फी खटल्यामागे ठरलेली. खटला लवकर संपविण्यात वकिलाचा फायदा, रेंगाळून तयारी करण्यात तोटा. या व्यवस्थेत चांगले काम करणारा वकील हा नियम नसून अपवाद ठरणार, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

याचा परिणाम काय होतो ते मध्य प्रदेशातील खांडव्याच्या एका खटल्यात २०१३ साली दिसले. आरोपीला शासकीय वकील मिळाला त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले आणि दोन आठवड्यांच्या आत फाशीची शिक्षाही झाली. वकिलाला तयारीसाठी किमान सात दिवस मिळाले पाहिजेत, असे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. तो माणूस अखेर २०२४ मध्ये निर्दोष सुटला. मधली अकरा वर्षे कोणत्या खात्यावर टाकायची?

२०२२ पासून मात्र एक नवी व्यवस्था सुरू झाली आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ, मानधनावरील वकील नेमले जात आहेत. महाराष्ट्रात त्यांना ‘लोकअभिरक्षक’ असे सुरेख नाव मिळाले आहे. खटल्यामागे फी ही पद्धत तीत नाही, खाजगी वकिलीला मुभा नाही, स्वतंत्र कार्यालय आहे. दिशा योग्य आहे यात शंका नाही. परंतु या नेमणुका कंत्राटी आहेत: आधी दोन वर्षे, मग वर्षावर्षाने मुदतवाढ. फिर्यादीच्या बाजूला पोलीस खाते आहे, प्रयोगशाळा आहेत, कायम सेवेतले सहायक सरकारी वकील आहेत; आणि बचावाच्या बाजूचा तरुण वकील पुढच्या मार्चमध्ये आपली जागा राहील की नाही या विवंचनेत. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते, आणि त्यांतील ४ लाख ३४ हजार कच्चे होते, म्हणजे दर चारांतील तिघांचा अपराध अजून सिद्ध व्हायचा होता. एवढ्या माणसांचा भार कंत्राटावर पेलणार नाही. या जागा कायम करा, त्यांना तपासासाठी स्वतंत्र निधी द्या, आणि एका वकिलाकडे एका वेळी किती खटले असावेत याची मर्यादा ठरवा. यासाठी नवा कायदा नको, अंदाजपत्रकात रक्कम हवी.

आमच्या जिल्ह्यात या कार्यालयात काम करणारी एक तरुण वकील अण्णांच्या कागदांसाठी घरी आली होती. बिलांची फाइल तिने चाळून बाजूला ठेवली. अंतरांची वही मात्र मागून घेतली. माझ्या मुलीने तिला गच्चीवर नेऊन आजोबा कोणत्या खांबापर्यंत जात ते दाखविले. महानगरपालिकेने तेथे आता नवा दिवा बसविला आहे. त्यामुळे, ती म्हणाली, सगळी मोजमापे पुन्हा घ्यावी लागतील.